‘तुमचा काय संबंध?’ : जॅक्सनच्या चॅनल ३ ची लढाई

मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या पिढीच्या प्रेक्षकांना ‘व्यत्यय’ ही पाटी आठवत असेल. कार्यक्रम मध्येच बंद पडायचा, पडद्यावर पाटी यायची आणि घरातली सगळी मंडळी निमूटपणे वाट पाहत बसायची. यंत्र आहे, बिघडणारच, असे आपण समजून घेत होतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या राजधानीत, जॅक्सन शहरात, १९५५ साली टीव्हीच्या पडद्यावर अशीच एक पाटी आली. ‘क्षमस्व, केबलमध्ये बिघाड.’ केबल मात्र ठणठणीत होती. एनबीसी या राष्ट्रीय वाहिनीवर वर्णप्रश्नावर कार्यक्रम चालू होता आणि त्यात एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे वकील थरगुड मार्शल दिसत होते. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल वर्षभरापूर्वीच सर्वोच्च न्यायालयाकडून मिळवणारे, आणि पुढे १९६७ मध्ये त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले हेच ते मार्शल. एक कृष्णवर्णीय विद्वान कायद्याची भाषा बोलतो आहे, हे जॅक्सनच्या घराघरांत दिसू नये एवढ्यासाठी स्थानिक स्टेशनने जाणूनबुजून प्रक्षेपण तोडले होते.

त्या स्टेशनचे नाव डब्ल्यूएलबीटी, चॅनल ३. लामार लाइफ या विमा कंपनीच्या मालकीचे हे स्टेशन २८ डिसेंबर १९५३ रोजी सुरू झाले. अमेरिकेत एनबीसीसारख्या कंपन्या कार्यक्रम तयार करतात, पण गावोगावी ते दाखवायचे की नाही हे स्थानिक स्टेशनचा मालक ठरवतो. म्हणजे न्यूयॉर्कहून निघालेली बातमी जॅक्सनच्या माणसापर्यंत पोहोचण्याआधी तिला विमा कंपनीच्या दारातून जावे लागे. त्या दारावर बसलेले व्यवस्थापक होते फ्रेड बिअर्ड. हे गृहस्थ सिटिझन्स कौन्सिलचे सभासद. शाळांच्या निकालानंतर १९५४ मध्ये मिसिसिपीतच जन्मलेली ही गोऱ्या प्रतिष्ठितांची संघटना. हिचे लोक चेहरा झाकून मशाली घेऊन फिरत नसत. बँकेत, व्यापारात, नगरपालिकेत ते मानाच्या खुर्च्यांवर बसलेले होते, आणि डोके वर काढणाऱ्या कृष्णवर्णीयाचे कर्ज, नोकरी, दुकानाचा माल बंद करण्याचे काम तेथूनच चाले. या कौन्सिलचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रम होता, तो चॅनल ३ वर दिसे. त्याला राज्य सरकारच्या सोव्हरिन्टी कमिशनने सरकारी तिजोरीतून पैसा पुरवला. कृष्णवर्णीय माणूसही कर भरत होता, हे येथे विसरू नये. त्याच्याच खिशातून त्याच्याच बदनामीचा खर्च भागवला जात होता!

आता प्रश्न असा की, याला जाब विचारणारे कोणी नव्हते काय? होते. प्रक्षेपण लहरी ही खासगी मालमत्ता नाही, म्हणून अमेरिकेत स्टेशन चालवायला फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या आयोगाचा परवाना लागतो. तो त्या काळी तीन वर्षांसाठी मिळे आणि नंतर नूतनीकरण करावे लागे. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नावर दोन्ही बाजू दाखवल्या पाहिजेत, हा ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ नावाचा दंडकही होता. कायदा कागदावर चांगलाच होता. १९५५ ची तक्रार आयोगाकडे गेली. १९५७ मध्ये वर्णविभक्ती टिकवा असे सांगणारा कार्यक्रम दाखवून दुसऱ्या बाजूला वेळ नाकारल्याची तक्रार गेली. १९५८ मध्ये परवान्याचे नूतनीकरण आले तेव्हा आयोगाने थोडे दिवस फाइल अडवून ठेवली आणि मग, या तुरळक स्वरूपाच्या चुका आहेत असे म्हणून नेहमीप्रमाणे तीन वर्षांचा शिक्का मारला. सरकारी कचेरीत चकरा मारणाऱ्या माणसाला ‘तुरळक स्वरूपाच्या’ या शब्दांची ओळख करून द्यावी लागत नाही.

१९६२ मध्ये जॅक्सनचे धर्मगुरू आणि किराणा दुकानदार रॉबर्ट एल. टी. स्मिथ काँग्रेसच्या निवडणुकीत उमेदवारीसाठी उभे राहिले. कृष्णवर्णीय माणूस उभा राहतो हीच त्या राज्यात खळबळजनक गोष्ट. पैसे मोजूनही त्यांना चॅनल ३ वेळ देईना. अखेर एलिनॉर रूझवेल्ट यांनी आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांना फोन करून, या माणसासाठी तुम्ही काय करत आहात असे विचारले. ही हकीकत मिनो यांनीच नंतर सांगितली आहे. मग वेळ मिळाला. स्मिथ निवडणूक हरले. १९६४ च्या सुमारासही मिसिसिपीतील मतदानयोग्य कृष्णवर्णीयांपैकी शेकडा सातपेक्षा कमी लोकांची नावे मतदार यादीत होती, तेथे दुसरे काय होणार होते? पण माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने फोन केल्याशिवाय मिळत नाही त्याला हक्क म्हणता येत नाही, ती मेहरबानी झाली. स्मिथ यांनी हे मनात ठेवले असावे. पुढे त्यांचे नाव पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून मिसिसिपी विद्यापीठात दंगल पेटली, माणसे मेली, आणि राज्यातील स्टेशनांनी एकच बाजू लावून धरल्याच्या तक्रारी पुन्हा आयोगाकडे पोहोचल्या. मे १९६३ मध्ये जॅक्सनचे महापौर अॅलन थॉम्पसन टीव्हीवरून बोलले. शहरात सगळे गुण्यागोविंदाने नांदत आहेत, बाहेरचे लोक चिथावणी देतात, हा त्यांचा सूर होता. उत्तर देण्यासाठी एनएएसीपीचे राज्यातील कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांनी वेळ मागितला. ते वर्षानुवर्षे मागतच होते. २० मे १९६३ रोजी चॅनल ३ ने त्यांना सतरा मिनिटे दिली.

सतरा मिनिटे! दुसऱ्या महायुद्धात देशासाठी लढून आलेल्या या माणसाने त्या वेळेत आरडाओरडा केला नाही. शेतमळ्यावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुराच्या घरातही आता रेडिओ-टीव्ही आहे, जगात काय चालले आहे ते त्याला कळते, असे त्यांनी सांगितले. आफ्रिकेत देश स्वतंत्र होत आहेत, कांगोचा माणूस रेल्वेचे इंजिन चालवू शकतो, आणि जॅक्सनमध्ये त्याच वर्णाच्या माणसाला कचऱ्याची गाडीसुद्धा चालवता येत नाही, ही तफावत त्यांनी गोऱ्या प्रेक्षकांपुढे ठेवली. शहरातल्या असंख्य गोऱ्या कुटुंबांनी आपल्या दिवाणखान्यात बरोबरीच्या नात्याने बोलणारा कृष्णवर्णीय नागरिक बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तो चेहरा आता सर्वांच्या ओळखीचा झाला होता. तेवीस दिवसांनी, १२ जून १९६३ च्या मध्यरात्रीनंतर, स्वतःच्या घराच्या अंगणात एव्हर्स यांना पाठीमागून गोळी घालण्यात आली. मारेकरी बायरन डी ला बेकविथ हा सिटिझन्स कौन्सिलचाच माणूस. १९६४ मध्ये दोनदा खटला चालला आणि दोन्ही वेळा पूर्णपणे गोऱ्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. त्याला शिक्षा झाली १९९४ मध्ये. एकतीस वर्षांनी.

पुढची लढाई मात्र रस्त्यावर नव्हे, वहीत लढली गेली. वकील म्हणून मला या प्रकरणातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या पंथाच्या प्रसारण विभागाचे प्रमुख एव्हरेट पार्कर यांनी ओळखले होते की, ‘स्टेशन पक्षपाती आहे’ असे शंभर वेळा म्हटले तरी आयोग ऐकणार नाही. तारीख, वेळ, मिनिटे हवीत. १ ते ७ मार्च १९६४ असे सात दिवस जॅक्सनमधील स्वयंसेवकांनी गुपचूप बसून कार्यक्रमांची नोंद केली. कोण बोलले, किती वेळ बोलले, पडद्यावर कृष्णवर्णीय माणूस कितीदा दिसला आणि कसा दिसला. नोंद करणारे गोरे होते. त्यांची नावे उघड झाली असती तर त्या शहरात त्यांचीही धडगत नव्हती, म्हणून ती गुप्त ठेवण्यात आली.

त्या नोंदींतून आणि तक्रारीतून जे उभे राहिले ते असे : स्टेशनच्या मुख्य प्रक्षेपण क्षेत्रातील सुमारे ४५ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय, आणि पडद्यावर त्यांचे जगणे जवळजवळ नाहीच. त्यांच्या संस्था, त्यांची चर्चेस, त्यांची मुले नाहीत. जेथे उल्लेख होई तेथे अपमानकारक शब्द. गोऱ्या माणसाच्या नावापुढे ‘मिस्टर’, गोऱ्या बाईच्या नावापुढे ‘मिसेस’, आणि कृष्णवर्णीय माणूस शिक्षक असो की डॉक्टर, त्याला नुसते नावाने पुकारायचे. ज्यांनी ‘अरे-तुरे’ ऐकत आयुष्य काढले त्यांना हा मुद्दा किरकोळ वाटणार नाही. कायद्याच्या कागदात ही तक्रार लिहिली गेली, हीच मोठी गोष्ट होती. नावापुढचा मानाचा शब्द हा परवान्याच्या पात्रतेचा प्रश्न ठरला.

१५ एप्रिल १९६४ रोजी आयोगापुढे अर्ज दाखल झाला. अर्जदार होते चर्चचा प्रसारण विभाग, जॅक्सनजवळच्या टूगालू येथील त्याच पंथाची मंडळी, राज्य एनएएसीपीचे अध्यक्ष आणि क्लार्क्सडेलचे औषध दुकानदार एरन हेन्री, आणि आपले किराणा दुकानदार रेव्हरंड स्मिथ. मागणी एकच : या स्टेशनच्या परवान्याचे नूतनीकरण करू नका, सुनावणी घ्या, आणि आम्हाला पक्षकार करा.

आयोगाचे उत्तर ऐकून आपल्याकडच्या कोणत्याही तहसील कचेरीतला माणूस ओळखीचे हसेल. तुमचा काय संबंध? परवान्याच्या प्रकरणात दोघांनाच दाद मागता येते, असा तोवरचा समज होता. ज्याच्या प्रक्षेपणात दुसऱ्याच्या लहरींमुळे विद्युत अडथळा येतो तो, आणि ज्याचे धंद्यात नुकसान होते तो. थोडक्यात, स्टेशनवाल्याविरुद्ध स्टेशनवालाच बोलू शकत होता. टीव्ही विकत घेणारा, वीजबिल भरणारा, रोज रात्री समोर बसून आपलाच अपमान पाहणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने कोणीच नव्हता. १९६५ मध्ये आयोगाच्या बहुमताने हा अर्ज नाकारला आणि स्टेशनला वागणूक सुधारण्याच्या अटींवर एक वर्षाचा परवाना दिला. अध्यक्ष ई. विल्यम हेन्री आणि सदस्य केनेथ कॉक्स यांनी विरोधी मत नोंदवले. यातली विसंगती पाहा. स्टेशनवरचे आरोप गंभीर आहेत असे आयोगच मानतो, म्हणूनच अटी घालतो, आणि तरीही सुनावणी न घेता परवाना देतो!

अपील वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयात गेले. चर्चचे वकील होते अर्ल मूर. २५ मार्च १९६६ रोजी निकाल लागला, तो लिहिला न्या. वॉरन बर्गर यांनी. हे बर्गर काही चळवळीचे मित्र नव्हते. आयझेनहॉवर यांनी नेमलेले, जुन्या वळणाचे न्यायाधीश. पण त्यांनी प्रश्न सरळ विचारला. कोळशाच्या ग्राहकाला, वाहतुकीच्या प्रवाशाला नियामक संस्थेपुढे उभे राहता येते, तर प्रेक्षकाला का नाही? ज्यांच्या हितासाठी परवाना दिला जातो त्यांनाच बाहेर ठेवून सार्वजनिक हित कसे ठरणार? आयोग एकटाच जनतेचे प्रतिनिधित्व करील ही कल्पना अनुभवाला उतरलेली नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. दारे उघडली तर तक्रारींचा पूर येईल ही भीती नियामक संस्था नेहमीच दाखवतात. खटला चालवणे एवढे महाग असते की तो पूर कधी येत नाही, हेही त्यांनी सुनावले. परवाना म्हणजे मालकी नसून विश्वस्तपद आहे, या तत्त्वावर एका वर्षाचा परवाना रद्द झाला आणि सुनावणीचा आदेश निघाला.

येथे लढाई संपली असे ज्यांना वाटते त्यांनी न्यायालयाचा आदेश आणि कचेरीची अंमलबजावणी यांतले अंतर अनुभवलेले नाही. १९६७ मध्ये जॅक्सनला सुनावणी झाली. अधिकाऱ्याने अर्जदारांना पक्षकार म्हणून बसू दिले, पण वागवले उपऱ्यासारखे. त्यांचा पुरावा कोपऱ्यात सारला, आणि सिद्ध करण्याचे ओझेही त्यांच्याच डोक्यावर टाकले. १९६८ मध्ये आयोगाने पाच विरुद्ध दोन मतांनी स्टेशनला चक्क पूर्ण तीन वर्षांचा परवाना दिला. कॉक्स यांच्याबरोबर या वेळी निकोलस जॉन्सन विरोधात होते.

पुन्हा अपील. पुन्हा तेच बर्गर. २० जून १९६९ चा हा निकाल वाचताना न्यायाधीशाचा संताप लपत नाही. जनतेच्या प्रतिनिधींना मदतनीस समजायचे सोडून शत्रू समजले गेले, परवाना मागणाऱ्यानेच आपली पात्रता सिद्ध करायची असते आणि येथे ओझे उलटे टाकले गेले, सुनावणीची नोंद आता दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे, असे म्हणून न्यायालयाने परवाना स्वतःच रद्द केला आणि नवे अर्ज मागवण्यास सांगितले. तीन दिवसांनी बर्गर यांनी अमेरिकेच्या सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली.

जून १९७१ मध्ये कम्युनिकेशन्स इम्प्रूव्हमेंट या कृष्णवर्णीय आणि गोरे दोघेही असलेल्या, नफा न घेणाऱ्या संस्थेकडे स्टेशनचा हंगामी कारभार आला. १९७२ मध्ये बॉस्टनहून आलेले विल्यम डिलडे महाव्यवस्थापक झाले. अमेरिकेतील व्यापारी टीव्ही स्टेशनचे ते पहिले कृष्णवर्णीय महाव्यवस्थापक मानले जातात. कॅमेऱ्यासमोर आणि कॅमेऱ्यामागे कृष्णवर्णीय माणसे दिसू लागली. स्टेशन बुडेल, गोरे प्रेक्षक पाठ फिरवतील, ही भाकिते होती. प्रत्यक्षात याच स्टेशनच्या बातमीदारीला १९७६ चा पीबॉडी पुरस्कार मिळाला, तो मिसिसिपीच्या राजकारणातील सत्ताकेंद्रे उघडी पाडणाऱ्या कामासाठी. कायम परवान्याचा वाद आणखी काही वर्षे रेंगाळला, आणि शेवटी तो कृष्णवर्णीयांचा मोठा वाटा असलेल्या कंपनीला गेला. तिच्या अध्यक्षपदी होते एरन हेन्री. १९६४ च्या अर्जावर सही करणारा औषध दुकानदार!

या निकालाचा धाक इतरत्रही बसला. १९६९ मध्येच टेक्सार्काना गावातील कृष्णवर्णीय संघटनांनी तेथील केटीएएल स्टेशनच्या नूतनीकरणाला हरकत घेतली, आणि स्टेशनने खटला लढण्याऐवजी लेखी करार करून नेमणुका व कार्यक्रमांबाबत बांधिलकी स्वीकारली. १९७५ मध्ये अलाबामा राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणीचे परवाने याच कारणासाठी नाकारले गेले. तुकाराम, ज्ञानेश्वरांच्या देशातला माणूस म्हणेल, एवढे झाले म्हणजे पुष्कळ झाले. पण प्रस्थापित व्यवस्था निकाल उलटवत बसत नाही, ती नियम बदलते. १९८१ मध्ये परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, १९९६ मध्ये आठ वर्षे. १९८७ मध्ये फेअरनेस डॉक्ट्रिन आयोगानेच सोडून दिले. जो दंडक मोडल्याबद्दल चॅनल ३ कोर्टात सापडले तो दंडकच राहिला नाही. २००० साली स्टेशन लिबर्टी कॉर्पोरेशनने घेतले, २००६ मध्ये रेकॉमने, २०१९ मध्ये ग्रे टेलिव्हिजनने. गावच्या लोकांनी सात वर्षे झगडून मिळवलेले स्टेशन मोठ्या साखळीतला एक दुवा झाले. याला पराभव म्हणावे काय? मी म्हणणार नाही. मालकी विकली जाते, पण प्रेक्षकाला पक्षकार मानणारा १९६६ चा निकाल कोणाला विकत घेता आला नाही. एव्हरेट पार्कर २०१५ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी वारले, तोपर्यंत त्या निकालाच्या आधारे कित्येक समूहांनी आयोगाचे दार ठोठावले होते.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. ‘तुमचा काय संबंध?’ या प्रश्नाला मुंबई कामगार सभेच्या १९७६ च्या खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी, आणि १९८१ मध्ये एस. पी. गुप्ता खटल्यात न्या. भगवती यांनी उत्तर दिले, आणि जनहित याचिकेचा रस्ता रुंद झाला. प्रक्षेपण लहरींचा प्रश्न क्रिकेटमुळे सुटला. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला, आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांचा वापर जनतेच्या हितासाठीच झाला पाहिजे, सरकारची मक्तेदारी चालणार नाही, असे सांगितले. सरकारची मक्तेदारी गेली. पुढे खासगी वाहिन्यांची रांग लागली. २०२१ पासून केबल कायद्याच्या नियमांत प्रेक्षकाच्या तक्रारीसाठी तीन पायऱ्या आहेत, आणि पहिली पायरी म्हणजे ज्या वाहिनीविरुद्ध तक्रार आहे तीच वाहिनी. वाहिनीची परवानगी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दहा वर्षांची असते. दहा वर्षांनी कंपनी अर्ज करते आणि मंत्रालय निर्णय देते. त्या नूतनीकरणाच्या फाइलवर प्रेक्षकाला पक्षकार म्हणून उभे करणारे कलम त्या तत्त्वांत नाही.